मामा, तळ्यातलं ते मला दिसलं

प्रिय मामा,

परवा दिवस बुडताना तळ्याच्या मधोमध एक काळी पाठ वर आली, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सांगू कोणाला? आई मीठमोहऱ्या ओवाळायला बसेल. तुम्ही असता तर आधी एक शिवी घातली असती आणि मग विचारलं असतं, वारा कुठून होता? म्हणून तुम्हालाच लिहितोय, तुमच्याच खोलीत बसून.

वारा पश्चिमेचा होता, मामा. ते पूर्वेकडून आलं. म्हणजे ओंडका नव्हता.

बघायला म्हणून मी गेलोच नव्हतो. शेवंताच्या दारात मांडवाच्या मेढी रोवताना पाहिल्या आणि पाय तळ्याकडे वळले. तुमच्या त्या दगडावर बसलो. हळद शिजवायची कढई पालथी घालावी तशी पाठ. ओली. फुस्स करून श्वास सोडला, पलीकडचे बगळे उठले. बगळ्यांना तर गावच्या गोष्टी माहीत नाहीत ना? आणि मी काय केलं असेल? दगड मारला! तुमच्या भाच्याला दुसरं काय सुचणार? लागला की नाही कळलं नाही. ते आवाज न करता बुडालं, आणि जरा वेळाने लाटेनं माझी बोटं भिजली.

शिंगं दिसली नाहीत. डोळा? कधी वाटतं दिसला, कधी वाटतं नाही.

गावाचा नेम तुम्हाला मी काय सांगू? तळ्यातला रेडा दिसला की वर्षभर गावात अक्षता पडायच्या नाहीत. तुमच्याच हळदीच्या दिवशी तो एका गुराख्याला दिसला. नवरीकडचे थांबले नाहीत, पोरगी वसमतला दिली. तुम्ही पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. रेडा नाहीच हे दाखवायला जन्मभर बांबू आणि कंदील घेऊन तळ्याच्या पाळीवर बसलात.

बहात्तरच्या दुष्काळात तळं आटलं तेव्हा तुम्ही भर उन्हात त्याच्या तळाशी जाऊन उभे राहिलात. भेगाळलेल्या गाळावर काठी आपटून म्हणालात, दाखवा कुठं हाय. काठावरून कोणीतरी म्हणालं, "तात्या, त्यो गाळात निजला हाय. तुमी काहून तुडवून राहिले त्याला?" सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण घरी येऊन जेवला नाहीत.

आणि आता मला दिसलं. दुसऱ्या कोणाला दिसलं असतं तर मीच त्याची गचांडी धरली असती!

यातली खरी मेख तुमच्या लक्षात आली असेल. पारावर जाऊन एकदा ओरडलो की शेवंताचं लग्न थांबतं. जवळा बाजारचा तो नवरदेव काय वर्षभर थांबणार आहे? इतकं सोपं. म्हणूनच भीती वाटते. मला दिसलं, की दिसायला हवं होतं म्हणून दिसलं? सरांच्या अंगावर धावून जाऊन कॉलेज सोडून आलो, तेव्हा तुम्ही एकटेच रागावला नव्हतात. एवढंच म्हणालात, "शिकू नको. पण पाहिलं तेवढंच सांगत जा." तेवढं म्हणजे केवढं, मामा?

काल शेवंताला गाठलं. अंगणात वाळलेली हळद निवडत होती. मी सगळं सांगितलं. खरं का खोटं, तिनं विचारलंच नाही.

"मग सांगून टाक की गावाला."

"तू म्हणशील तर सांगतो."

"मी काहून म्हणू?" हातातलं हळकुंड तिनं सुपात टाकलं. "लग्न मोडायचं असंल तर माझ्या बापासमोर ये. तुझ्या पायानं ये. रेड्याला पुढं घालून येऊ नको."

मला राग आला, उठून आलो. रात्रभर तेच डोक्यात. तिला मी हवाय का? ते तिनं सांगितलंच नाही. मी विचारलं तरी कुठं?

एक बोलू? रागावू नका. तुमचं लग्न मोडलं तेव्हा तुम्ही तळ्यावर गेलात. तिच्या दारात का नाही गेलात? एकदा तरी? ते आहे की नाही हे शोधण्यात जन्म घातलात, आणि त्याचा अक्षतांशी काय संबंध, हे गावाला कोणीच विचारलं नाही. तुम्हीही नाही.

शब्द देतो. आखाडात, कोणाच्याच दारात मांडव नसताना, पारावर उभा राहीन. पाठ दिसली, श्वास ऐकला, एवढंच सांगेन. रेडा म्हणणार नाही. आणि तो प्रश्न तुमच्या नावानं विचारीन. लोक मलाही हसतील. हसू देत.

आता किसनकाकांकडे निघालोय, शेवंताच्या बापाकडे. घरीच आहेत, खोकला ऐकू येतोय. शर्ट तुमचा घातलाय, बाह्या जरा लांब होतात. काय बोलणार, माहीत नाही. हात उचलणार नाही, एवढं नक्की. हा कागद तुमच्या कंदिलाखाली ठेवतो आणि बाहेरून दार ओढून घेतो.

तुमचा तापट भाचा,
बाळू