चोलवेचं चाक

मुडेंडा मेहुणे,

गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार (कागदावर ऐकू येत नाहीत, वाजल्या असं समजा). लुसाकात सगळे बरे ना? वहिनींची कंबर काय म्हणते? इकडे मोंझेला माणसं, गुरं ठीक. ट्रॅक्टरचं मागचं चाक तेवढं बसलं होतं.

पण तुमची बहीण म्हणजे धन्य बाई! शनिवारी आमच्या लुयांदोचं न्कोलोला. लेक वयात आल्याच्या सोहळ्याला पाहुणे आणायचे ते याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून. मी म्हटलं, बाजारातून भोकं बुजवायचं औषध आणतो. चोलवे कडाडली, "माझ्या भुईमुगाला मी विकतच्या खताचा कण दाखवला नाही, आणि तुम्ही चाकातून विष गाळत फिरणार?" मग स्वतःच बसली. बाभळीचे काटे उपसले (चिमटा मी धरला होता, हे कुणीतरी लक्षात ठेवावं), ट्यूबला ठिगळं लावली, टायरच्या चिरेला आतून मेलेल्या टायरचा तुकडा दिला आणि मला म्हणाली, "आता स्वयंपाकघरामागच्या पिंपातली मक्याची पातळ पेज ट्यूबमध्ये सोडा. बारीक भोकं ती बुजवते." चाक असं टणक झालं की शेजारचे हामूंगा रोज येऊन थोपटून जातात. अशी बायको घरात असताना टायरच्या दुकानांनी पोट कसं भरावं, याची मला काळजी वाटते.

फक्त काल चाकाच्या नळीतून फुसफुस झाली. बोटाला लागलं ते चाटलं, तर आंबटगोड! मेहुणे, मी पिंप चुकलो. आंब्याच्या झाडाखाली सोहळ्यासाठी ठेवलेलं पिंप ओतलं. पाहुण्यांना द्यायचं मक्याचं आंबवलेलं पेय, सगळं चिब्वांतू, चाकात गेलं, आणि पाहुण्यांच्या पेल्यात काय घालायचं ते मला सुचत नाही.

तुमचा,
सियामे

ता.क. तुम्ही मुलीचे मामा. दोन पिंपं चिब्वांतू घेऊन या आणि हौसेनं आणलं म्हणा. पाहुणे कोरडे परतले तर लेकीचं तोंड उतरेल. चोलवे माझं काय करेल ते तिच्याच भावाला मी काय सांगावं?

ता.क. (चोलवेकडून) दादा, पाकीट चिकटवायला यांनी पेज माझ्याकडेच मागितली, म्हणून वाचलं. आंब्याखालच्या पिंपात यांचा पेला रोज बुडायचा, म्हणून सोहळ्याचं चिब्वांतू मी आधीच आत्याकडे हलवून तिथं आंबलेली पेज ठेवली होती. चाकात तीच गेली. पण सांगू नकोस. माझं इतकं कौतुक यांनी तोंडावर कधी केलं नाही. चुकीच्या धाकानं कागदावर चाललंय, ते शनिवारपर्यंत चालू दे. पिंपं मात्र आण, हेच उतरवतील.