ठकीची खुर्ची

मी, खाली सही करणारा, धंद्याने सुतार, वय एकाहत्तर, पत्नीच्या निधनानंतर याच घरात राहणारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणी भरीस न घालता माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवत आहे. लाकडाचा भुसा छातीत बसला आहे, डोक्यात नाही. पुढचा उन्हाळा मी पाहीन असे डॉक्टरांना वाटत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर आणि मागची कामाची शेड माझ्या एकुलत्या मुलाला मिळावी. त्यास कोणतीही अट नाही. "कुत्री सांभाळली तरच घर, असं लिहू या," असे वकील म्हणाले. मी नको म्हटले. घरासाठी जो कुत्री सांभाळेल, तो घर नावावर झाल्यावर तिचे काय करील हे सांगायला ज्योतिषी नको.

२. हत्यारे माझ्या जुन्या भागीदाराला. पटाशा आणि करवती त्याने घेऊन जाव्यात. मोठा रंधा शोधत बसू नये. तो "दोन दिवसांसाठी" म्हणून त्यानेच नेला आहे. तेव्हा माझा मुलगा शाळेत होता.

३. ठकी, म्हणजे आमची कुत्री. पत्नीने तिला पिल्लू असताना बेवारस जनावरांच्या आश्रयगृहातून आणले. तिची अन्ननलिका जन्मापासून सैल आहे. चार पायांवर उभी राहून खाल्ले तर घास पोटात उतरत नाही, उलटून फुप्फुसात जातो. तिला माणसासारखे ताठ बसवून भरवावे लागते आणि नंतरही अर्धा तास तसेच धरावे लागते. हे रोजचे आणि जन्माचे आहे. तिथला माणूस प्रामाणिक होता. "नेतात आणि आठवड्यात परत आणतात, ताई," तो म्हणाला. पत्नी म्हणाली, "मी आणणार नाही."

खुर्ची मी केली. पहिली चुकली. हाताच्या सवयीने पाठ जराशी कलती ठेवली, माणसाला बरी वाटते तशी. ठकीने सगळे ओकून टाकले. "पाहुण्यांसाठी नाही करायची," पत्नी म्हणाली. दुसरी सरळ पाठीची, अरुंद, पुढे आडवी फळी. पत्नीच्या कपाटासाठी लग्नापासून राखून ठेवलेला साग तिला लागला. "माझं कपाट शेवटी कुत्रीनं खाल्लं," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. कपाट राहून गेले ते गेलेच.

पत्नी गेली त्या आठवड्यात मी अंथरुणातून उठलो नाही. मुलाने ठकीचे ताट जमिनीवर ठेवले. "आईची लाडकी ती. चार घास तरी सुखानं खाऊ दे. कैद्यासारखं काय बसवायचं?" तिला न्यूमोनिया झाला. तिची धाप पाहून तोच म्हणाला, "बाबा, बघवत नाही. इंजेक्शन देऊन सोडवू या." त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खरे होते. ठकी वाचली. मी त्याला तेव्हा काही बोललो नाही, म्हणून येथे लिहितो. त्याने ठकीला फिरवावे, जवळ घ्यावे. ताट त्याच्या हाती देऊ नये.

ठकी आणि तिची खुर्ची मी सूनबाईला देतो. ठकीच्या त्या दुखण्यात ती आली आणि म्हणाली, "मला कुत्री आवडत नाहीत, बाबा, आधीच सांगते. किती वेळ धरायची तेवढं सांगा." तिने ठकीला कधी कुरवाळलेले मी पाहिले नाही. वेळ चुकवलेलीही पाहिली नाही.

४. बँकेतील ठेव सूनबाईला. ठकीची औषधे त्यातून आणावीत, उरेल ते तिचे. तिच्याकडे कोणी हिशेब मागू नये.

५. सूनबाईला जमेनासे झाले तर तिला बोल लावू नये. पण ठकीला परत आश्रयगृहात नेऊ नये. तसा शब्द दिलेला आहे. पशुवैद्यांना घरी बोलवावे. त्या दिवशी ठकीला खुर्चीत बसवू नये. जमिनीवर, तिला हवे तसे, पोटभर खाऊ द्यावे आणि मग इंजेक्शन देऊन कायमचे झोपवावे. ते ताट मुलाने ठेवावे.

ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी साक्षीला असू नये, असे वकिलांनी सांगितले. म्हणून सही करताना मुलगा अंगणात उभा होता. सूनबाई स्वयंपाकघरात ठकीला धरून बसली होती. "झालं का?" एवढे तिने आतून विचारले.

सही: लिहून ठेवणार, सुतार
साक्षीदार: १) पशुवैद्य २) शेजारच्या निवृत्त शिक्षिका
स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, ठकीच्या सकाळच्या जेवणानंतर