चेलोतल्या अक्षता

धरमपेठ, नागपूर
सोमवार, १८ मे १९७०

चि. कृष्णकांत यास,

रविवार, १० मे, संध्याकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी तुझ्या मांडवात जो अन्याय झाला त्याबद्दल लिहिते आहे. आशीर्वाद आधीच घे, नंतर द्यायची इच्छा उरणार नाही. तुझी कंबर कशी आहे? तुझी लेक सुहासिनी सासरी रुळली असेल. मी बरी आहे. रक्तदाब वाढलाय, त्याला कारण तू. (रागातही अक्षर सुवाच्य ठेवावं हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं, तेव्हा वाचता आलं नाही ही सबब चालणार नाही.)

माझ्या मागच्या खोलीत राहणारा व्हिलेम तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तो इथल्या शाळेत संगीत शिकवायला आला आणि मागे त्याच्या प्राग शहरात रशियन रणगाडे शिरले. आता परत जायची सोय नाही. व्हिएन्नाचं संगीत विद्यालय त्याला घ्यायला तयार आहे, आणि खर्चासाठी आशा एकच, बाबांच्या नावाची आपली शिष्यवृत्ती. अध्यक्ष तू. तू निरोप धाडलास, की समितीचे सगळे सुहासिनीच्या लग्नाला येणारच आहेत, तिथेच वादन ऐकू. पोरगं ऐन मे महिन्यात कोट घालून, माणसाएवढा चेलो (व्हायोलिनचा थोरला भाऊ) रिक्षात उभा करून आलं. त्याला बसवलंस कुठे, तर बोहल्याच्या पुढ्यात, बँडवाल्यांशेजारी. मागच्या रांगेतल्यांच्या अक्षता वधूवरांपर्यंत कधी पोचल्यात का? सगळ्या याच्यावर. चेलोच्या पोटाला दोन फटी असतात, त्यांतून मूठभर आत गेल्या. मग वादन ऐकलंत? नाही. पंगत बसली आणि तू म्हणालास, शुक्रवारी ऑफिसात ये.

घरी आल्यावर मी म्हटलं, वाद्य उलटं करून झटक. तर माझी स्वयंपाकीण पार्वतीबाई आडवी आली. "झटकू नका जी, अक्षता हायेत. ज्याच्यावर पडल्या त्याचं भलं होते." त्यानं ते मनावर घेतलं. ज्याचा देश सुटला त्याला मिळालेला आशीर्वाद टाकवेना. शुक्रवारी तसाच गेला, आणि खालच्या सुरांना आत तांदूळ नाचू लागले. समितीतले तुझे भैय्याजी (वाडीला ट्रकांची गोदामं, संगीताशी संबंध हॉर्नपुरता) म्हणाले, "काहून गा, याच्यातलं काही सुटलं का? खडखड करून राहिलं." आणि तू, ज्याच्या घरचे ते तांदूळ, निकाल दिलास: वाद्य नादुरुस्त, अर्ज नामंजूर. घरी येऊन तो भैय्याजींची नक्कल करून मला हसवत होता. मी हसले नाही. मग त्यानंही थांबवलं.

वादन पुन्हा ऐकायचं. माझ्या घरी, समितीनं, उपाशीपोटी. होकार सोमवार, २५ मे, संध्याकाळी पाचच्या आत लेखी हवा. तोंडी निरोप नको, तुझे निरोप माणसाला कुठे नेऊन बसवतात ते पाहिलंय.

तुझी थोरली बहीण,
प्रमोदिनी

ता. क. तांदूळ काढले. सोबतच्या पुडीत आहेत. तुझ्या घरचे, तुला परत.

ता. क. दुसरा. शिष्यवृत्ती दोन वर्षांची असते, ती एका वर्षाची करता येते का बघ. मी सदुसष्ट वर्षांची आहे, दोन वर्षं वाट बघणं जमेलसं नाही. समितीला खर्चाचं कारण सांग. त्याला काहीच सांगू नकोस.