बाहेरच्या खोलीतले गच्चीवरचे मशीन

मी, धंद्याने मिस्त्री, दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या गच्चीवर बसवलेली गरम-थंड हवेची मोठी मशिने दुरुस्त करण्यात आणि बंद पडलेली सांभाळून ठेवण्यात ज्याचे आयुष्य गेले असा इसम, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दाखला लिहिताना ते माझ्यापेक्षा मशीनकडेच जास्त बघत होते, पण दिला.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात धाकट्या भावाला जे तोंडी बोललो असेन, ते मृत्युपत्र समजू नये.

कलम एक. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. माझ्या पश्चात ते सर्वस्वी माझ्या पत्नीचे. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, त्याचे कारण कलम तीनमध्ये दिले आहे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक पत्नी आणि मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. हत्यारांची पेटी मुलीला. कॉइलवरच्या वाकलेल्या पट्ट्या सरळ करायचा त्यातला कंगवा तिने लहानपणी बाहुलीसाठी पळवलाच होता, त्यामुळे तो तसाही तिचाच आहे. सपाटी तपासायची पाणसळ मात्र धाकट्या भावाला द्यावी. त्याने एकदा माझा चांगला कॉम्प्रेसर टेम्पोत आडवा घालून आणला. कॉम्प्रेसर उभाच न्यायचा असतो, आडवा केला की आतले तेल नको तिथे जाते, हे त्याला निघतानाच बजावले होते. तर म्हणाला, "दादा, पडू दे की जरा त्याला, दमला असेल." आडवे कशाला म्हणतात ते त्याने पाणसळ घेऊन सावकाश बघावे. याखेरीज माझ्या मिळकतीवर त्याने हक्क सांगू नये. जेवायला मात्र यावे.

कलम तीन. आता मुख्य विषय.

बाहेरच्या खोलीतले मशीन माझे नाही. ते कोपऱ्यावरच्या तीन मजली कापडाच्या दुकानाच्या गच्चीवरचे. दुकान दुरुस्तीसाठी बंद झाले तेव्हा मालक म्हणाले, "मिस्त्री, थोडे दिवस सांभाळा. मी स्वतः न्यायला येतो." मी शब्द दिला. माझे गोदाम गळत होते आणि घराच्या दारातून मशीन आत येईना. म्हणून बाहेरच्या खोलीचे पत्रे उतरवले आणि शेजारच्या क्रेनवाल्याने ते वरून अलगद आत सोडले. मशीनवर पाणी पडू नये म्हणून मी पत्र्यांऐवजी पक्का स्लॅब घातला. पत्नी लग्न झाल्यापासून स्लॅब मागत होती. ती म्हणाली, "माझ्या डोक्यावर नाही, निदान याच्या डोक्यावर तरी आला." मशीन बाहेर कसे काढायचे हा प्रश्न मला स्लॅब सुकल्यावर सुचला.

तेव्हापासून मी गच्च्यांवरची कामे सोडली. परक्याची वस्तू घरात टाकून मी कुठे जाणार? किरकोळ दुरुस्तीचे सामान लोक अंगणात आणून देतात, तेवढ्यावर भागले. मशीनखाली लाकडी ठोकळे आहेत. नळ्यांची तोंडे बंद आहेत. बेल्ट उतरवून खिळ्याला टांगला आहे, चढवून ठेवला तर ताणून सैल होतो. वर सुती चादर असते, कारण प्लास्टिकखाली दमट होऊन गंज धरतो. आमच्या पलंगावर एखाद्या वेळी चादर नसेल, मशीनवर असते. दर सोमवारी पंखा हाताने फिरवतो, नाहीतर बेअरिंग बसल्या जागी धरते. जावई पहिल्यांदा घरी आले तेव्हा मशीनला टेकून बसले आणि मला त्यांना उठवावे लागले. ते अजून या घरात कशालाही टेकण्यापूर्वी मला विचारतात.

उन्हाळ्यात आम्ही पुठ्ठ्याने वारा घेतो. मुलीने एकदा विचारले, "बाबा, हे तीन मजले थंड करायचं, आपली एक खोली नाही का होणार?" परक्याची वस्तू वापरायची नसते, असे मी तिला समजावले. तिने मोठा पुठ्ठा मागून घेतला.

सबब असे ठरवतो की, माझ्या मागे क्रेनवाल्याने स्लॅब फोडावा, मशीन उभेच्या उभे बाहेर काढावे आणि मालकांना पोचवावे. यात माझ्या पत्नीच्या डोक्यावरचे छप्पर जाईल, याची मला जाणीव आहे. गेले कित्येक दिवस हीच गोष्ट मला खाते आहे. पण दिलेला शब्द मोडून मी सुखाने मरू शकत नाही.

कलम चार. हे कलम ठरलेले नव्हते. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवताना जे बोलणे झाले ते जसेच्या तसे नमूद करतो.

क्रेनवाला म्हणाला, "मिस्त्री, स्लॅब फोडतो मी. पण मशीन पोचवू कुठे? त्या दुकानाच्या जागी आता दवाखाना आहे."

"माझाच आहे," डॉक्टर म्हणाले. "मला नको."

"मालक कुठेतरी असतीलच की," मी म्हणालो.

तेवढ्यात पत्नी हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मालक येऊन गेले," ती म्हणाली.

"कधी?"

"स्लॅब घातल्यावर लगेच. तुम्ही अंघोळीला गेला होतात. मशीन मागत होते. मी म्हटलं, पंखा अडतोय अजून, तयार झालं की ह्यांचा निरोप येईल. पुन्हा अंघोळीच्याच वेळी आले, पुन्हा तेच सांगितलं. शेवटी दुकान विकलं तेव्हा म्हणाले, वहिनी, ठेवा ते आता तुम्हालाच."

"माझ्या हातचा पंखा अडतो, असं सांगितलंस तू त्यांना?" सर्वांत आधी मला हेच लागले, हे कबूल करतो.

"मग काय सांगणार होते? आधी सकाळी गेलात की अंधार पडल्यावर घरी यायचात. वाऱ्यापावसात या गच्चीवरून त्या गच्चीवर. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. हे आलं आणि तुम्ही घरात राहिलात. मी कशाला परत देते?"

क्रेनवाला स्लॅबकडे बघत बसला. मला आधी राग आला, मग रडू आले. डॉक्टरांनी दाखला परत मागितला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

सबब कलम तीनमधील स्लॅब फोडण्याची सूचना रद्द करतो. मशीन मालकांनी पत्नीला दिलेले असल्याने ते दुसऱ्या कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. ते आता अखंड राहण्याचीही गरज उरलेली नाही, सुटे केले तर दारातून जाईल. माझ्या पश्चात त्याचे काय करावे, असे मी पत्नीला सर्वांसमक्ष विचारले. तिचे उत्तर हीच माझी अंतिम इच्छा समजावी.

ती म्हणाली, "त्याच्या मागे खिडकी आहे. मला ती उघडायची आहे. तुम्ही आहात तोवर घाई नाही."

हा मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मला मान्य आहे.

लिहून ठेवणार: (सही) मिस्त्री

साक्षीदार:
१. (सही) शेजारचा क्रेनवाला
२. (सही) डॉक्टर

स्थळ: राहते घर, बाहेरची खोली, मशीनच्या अलीकडे
दिनांक: ४ मार्च, सोमवार