तू औषध प्याली नव्हतीस

माझ्या लाडक्या माय,
जयभीम.

आज शोभी दवाखान्यातून घरी आली. आल्या आल्या चहा मागितला, आणि साखर कमी पडली म्हणून माझ्यावर डाफरली! तिचं ते डाफरणं ऐकलं आणि तुला लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा ती अंगावर पीत होती. तुला तिचा चेहरा तरी आठवतो का गं?

माय, गावानं आम्हाला तुझी एकच गोष्ट सांगितली. आजीशी भांडलीस आणि कपाशीवर फवारायचं औषध प्यालीस. सकाळी पोट धरून उठलीस, ओकलीस, डोळे मिटत गेले आणि बस आदिलाबादला पोचायच्या आत संपलीस. पोलिसांची भानगड नको म्हणून त्याच दिवशी सगळं उरकलं. कोणी तपासलंच नाही तुला!

बाबा मात्र म्हणत राहिले, "जीव द्यायची बाई उडदाची डाळ भिजू घालते काय?" मामा येणार होता, त्याच्यासाठी वडे करायचे होते ना तुला? पण ऐकतो कोण! आजी तर "मह्यामुळंच गेली" असं घोकतच गेली. आणि मला तुला एवढंच विचारायचं असायचं: दोन लेकरं टाकून जाववलं कसं गं?

मागच्या आठवड्यात शोभी नवऱ्याशी भांडून माहेरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट धरून बसली. ओकली. पापण्या खाली पडायला लागल्या. शेजारची कांताबाई दारातूनच ओरडली, "मायवानीच केलं पोरीनं!"

"म्या काई नाई पेली वो," शोभी जड जिभेनं सांगत होती. बाबांना चप्पलही घालता येईना. कांताबाईच जीप घेऊन आली, आणि आम्ही आदिलाबादचा मोठा दवाखाना गाठला.

तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, तेलुगू बोलणाऱ्या. कांताबाईनं "औषध पेली" म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण तेवढ्यावर थांबल्या नाहीत. शोभीच्या तोंडाजवळ नाक नेलं. पापणी वर करून बॅटरी मारली. मान उचलायला सांगितली, ती शोभीला उचलता येईना. मग माझ्याकडे वळल्या, "रात को ये कहाँ सोयी थी?"

"नीचे, ज़मीन पे."

त्या नर्सला म्हणाल्या, "पामु."

साप! पण अंगावर खूण कुठं होती? त्यांनी समजावलं: मण्यारीचे दात फार बारीक. झोपलेल्याला कळतही नाही, सूज येत नाही, खूण दिसत नाही. फवारणीचं औषध पोटात गेलं असतं तर तोंडाला वास आला असता, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या.

सलाईनमधून विषावरचा उतारा सुरू झाला. तरी श्वास अडलाच. घशात नळी घालून तिला यंत्रावर ठेवलं. तोंडानं बोलता येईना, पण मी हात धरला की बोट दाबायची. सगळं कळत होतं तिला! मग एका दुपारी तिनं एक पापणी उघडली, आणि बाबांनी वॉर्डातल्या सगळ्यांना ओढून आणून ती दाखवली.

तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना तुझं सांगितलं. तूही जमिनीवरच झोपायचीस, आणि मग सकाळचं ते पोट, ओकारी, मिटलेले डोळे. तोंडाला वास नव्हता, हे बाबांनी किती वेळा सांगितलंय. "देखे बिना पक्का नहीं बोल सकती," त्या म्हणाल्या, "लेकिन मुझे यही लगता है."

बाबा पायऱ्यांवर बसले होते. त्यांना सांगितलं. आधी रडले, मग हसायलाच लागले. "मले मालूम होतं," म्हणाले, "ते मले सोडून जाणारी नोतीच."

माय, शेवटी बसमध्ये तू काहीतरी सांगत असशील ना? जीभ उचलत नसेल. आणि आम्हाला ऐकू आलं नाही.

आता तुला शब्द देते. आपल्या घरात यापुढं कोणी जमिनीवर झोपणार नाही. खाटा आणल्यात, मच्छरदाणी गादीखाली खोचतो. माझ्या शाळेतल्या प्रत्येक पोराला हे शिकवीन. आणि तुझ्याबद्दल कोणी विचारलं, तर मान खाली न घालता सांगीन: माझ्या मायला मण्यार चावली. तिला जगायचं होतं.

तुझीच थोरली,
विमल