काकीची रिकामी टोपली

कुडाळ,
१९ नोव्हेंबर २०२४

ती. यशोदाकाकीस,
शर्मिलाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळी बरी आहोत. ओंकारचा खोकला गेला, आईचा गुडघा मात्र तसाच. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. समोर यायचा धीर नाही, हेही खरं.

तुझा फोटो छापलेल्या, देणगी मागणाऱ्या आमच्या संस्थेच्या त्या फलकाचा तुला राग आलाय. यायलाच हवा. आमच्या पावत्यांवर ठळक छापलेलं असतं, 'आपल्या देणगीतला एक पैसाही जाहिरातीवर जात नाही.' ते खोटं नाही गो. जाहिरातीचे पैसे दुसऱ्याच खिशातून येतात. या फलकाचे नव्या रिसॉर्टवाल्याने दिले. तोच, ज्याला गावाने मिळून रपणीचं जाळं ओढायच्या जागेवर कुंपण घालायचंय. म्हणून तुझ्या फोटोखाली त्याचं नाव. आता तो ग्रामसभेत छाती काढून सांगतो, 'तुमच्या विधवांची काळजी मीच घेतो.' मी मेलीने पैसे घेताना याचा विचारच केला नाही!

काल किनाऱ्यावर आले होते. तुझ्या घराकडे पाय वळले नाहीत. रपणीचे वाटे घालणारा बाबलीदादा जाळं झाडत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तुझो काका दर्यात गेलो, तेवापासून रपणीतलो पयलो वाटो काकीच्या टोपलेत पडता. आजून काडून ठेवतंय. पण काकी लाजेन येनाच नाय. आणि तुमी बोर्डार लिवतास, हिका विचारणारा कोण नाय. मगे आमी काय मेलंव?"

'साहेबांनी लिहिलंय ते' असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. ते गिळून तशीच माघारी फिरले.

काकी, ती ओळ मी लिहिली. साहेबांना फार आवडली, सगळ्यांसमोर शाबासकी दिली मला. आणि फोटोच्या दिवशी तुझी टोपली रपणीतल्या ताज्या बांगड्यांनी भरलेली होती. मीच ते केळीच्या पानावर काढले आणि रिकामी टोपली तुझ्या हातात दिली. तू हसत होतीस, तर "जरा हसू नको गो" म्हटलं. पोरीचं काम आहे म्हणून तू ऐकलंस. मग तेच बांगडे तळून मला वाढलेस आणि मी पोटभर जेवले.

शी! लिहितानासुद्धा लाज वाटते.

फलक उतरवा म्हणून साहेबांना सांगितलं. रिसॉर्टवाला पुढचे पैसे देणार नाही, म्हणून ते तयार नाहीत. तेव्हा रविवारी सकाळी रपण ओढायच्या वेळी मी येते आहे. टोपली कोणी रिकामी केली, ते बाबलीदादासमोर, सगळ्यांसमोर माझ्या तोंडाने सांगणार आहे. शिव्या घालू देत. संस्थेतून काढलं तर काढू देत.

तू फक्त टोपली घेऊन ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, माझ्याकडे बघूही नकोस. पण तुझा वाटा घ्यायला ये.

'तुला विचारणारी' असं लिहायला मला तोंड उरलेलं नाही, म्हणून नुसतीच,
शर्मिला