न दिलेला टेक्निकल फाउल

सर,

शनिवारी मी एक टेक्निकल फाउल दिला नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली आणि एवढ्या काळात तुम्हाला सांगावंसं वाटलेलं हे पहिलंच.

मी आता आयर्लंडमध्ये, कॉर्कला असते. आठवडाभर रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात व्हॅलिडेशनचं, म्हणजे यंत्रं ठरल्याप्रमाणे चालतात का ते तपासायचं काम करते. तिथे तापमान मर्यादेबाहेर अर्धा अंश गेलं तरी डेव्हिएशन म्हणून लिहावं लागतं, नियमापासून ढळलं अशी नोंद. ते किरकोळ होतं का हे नंतर ठरतं, नोंद आधी. शनिवार-रविवारी बास्केटबॉलच्या मॅचना रेफरी म्हणून उभी राहते आणि दोन सीझन मी तिथेही तेच केलं. कोणी चिडून हात झटकले, गैरवर्तनाचा टेक्निकल. कोणी बॉल आपटला, टेक्निकल. माझ्या जोडीचा जुना रेफरी एकदा म्हणाला, "तुझ्या तोंडात शिट्टी आहे की स्मोक अलार्म? टोस्ट जळला तरी वाजतो." मी त्याला नियमाचा क्रमांक सांगितला. तो आणखीच हसला.

शनिवारी महिलांची सेमीफायनल होती आणि मला वरच्या श्रेणीत घ्यायचं की नाही हे ठरवणारे परीक्षक बाकावर बसले होते. दीड मिनिट उरलेलं असताना, एका गुणाने मागे असलेल्या संघाच्या कॅप्टनचा अगदी बास्केटजवळून टाकायचा सोपा लेअप हुकला आणि तिने सणसणीत शिवी हासडली. हात झटकल्याबद्दल पहिल्या हाफमध्ये तिला मी एक टेक्निकल दिलेला होता. दुसरा दिला की ती बाहेर. समोरचा कोच ओरडायला लागला, "रेफ, तिला एक आहे आधीच. दे की!" शिट्टी माझ्या दातांत होती. बॉल बाहेर गेल्यावर मी तिच्याजवळ गेले. "कोणाला म्हणालीस?"

"मलाच," ती म्हणाली. "माझी आजी टाकेल तो, आणि ती व्हीलचेअरवर असते."

"हळू म्हण," मी म्हटलं आणि खेळ सुरू केला.

तिचा संघ हरला, पण ती शेवटपर्यंत कोर्टवर होती. नंतर परीक्षकांनी विचारलं, "ती काय म्हणाली ते ऐकलंस ना?" ऐकलं, म्हटलं. "मग?" मी म्हटलं, ते कोणाला उद्देशून नव्हतं आणि खेळही अडला नव्हता. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "ग्रँड," एवढंच म्हणाले. इकडे ठीक आहे म्हणायचं असलं की असं म्हणतात. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, मॅचनंतर माझा जबडा दुखत नाहीये. दोन सीझनमध्ये पहिल्यांदाच.

तिचं उत्तर खरं होतं की नाही, मला माहीत नाही. प्रश्न मात्र तुमचा होता. नागपूरला जिल्हा संघाच्या निवडीची मॅच होती, रेफरी तुम्ही, मी चौदा वर्षांची. मी समोरच्या मुलीला धडकते, तुम्ही माझा चार्जिंगचा फाउल धरता आणि मी दात-ओठ खात काहीतरी म्हणते. तुम्ही मॅच थांबवता, रुमालाने मान पुसत माझ्याकडे वळता. सगळ्या मुली बघतायत. "कोणाला म्हणालीस?" "स्वतःला, सर." तुम्ही रुमालाची घडी करून खिशात ठेवता. "बरं. मग स्वतःशी जरा नीट बोलत जा," म्हणता आणि मागे वळता. माझी निवड झाली. घरी मी सांगितलं, सरांना काही ऐकूच गेलं नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिता येतंय. मी ते तुम्हालाच म्हणाले होते. आणि तेव्हा तुम्ही माझ्यापासून तीन फुटांवर उभे होतात.